नवी पेट्रोल गाडी कोकणात किती ॲव्हरेज देते, आणि ते कसं वाढवायचं

गाडी घरी येऊन महिना-दीड महिना झाला की हा प्रश्न हमखास येतो. "कंपनी बावीस सांगते, मला चौदा-पंधराच मिळतंय. गाडीत काही फॉल्ट असेल का?" माझं गॅरेज पालीला आहे, मुंबई-गोवा हायवेवरून कोल्हापूरचा रस्ता फुटतो त्या बाजूला. पावस-रत्नागिरीच्या गाड्या, आंबा घाट उतरून आलेल्या गाड्या, गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी, सगळे इथूनच जातात. नवीन गाडीवाल्याला मी उलट विचारतो की हा चौदाचा आकडा आणला कुठून? बहुतेकदा उत्तर येतं, "डॅशबोर्डवर दिसतो," नाहीतर "हजाराचं पेट्रोल टाकलं होतं, चार दिवसांत संपलं." या दोन्हींवरून गाडीबद्दल काहीच ठरवता येत नाही. आपल्या रस्त्यावर, आपल्या हातात गाडी किती देते हा आकडा आधी पक्का करा. तो हाताशी असला की पुढचा प्रत्येक उपाय खरा की खोटा ते कळतं. तो नसेल तर टायर बदला, पंप बदला, सगळं अंधारात चाचपडणं आहे.

कंपनीचा आकडा कुठला

जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या रस्त्याचाही नसतो. पुण्याच्या एआरएआय या १९६६ साली सुरू झालेल्या, गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. तिथे गाडी रस्त्यावर पळवत नाहीत, रोलरवर चढवून ठरलेल्या तक्त्याप्रमाणे चालवतात. थोडा वेळ शहरातल्यासारखं थांबत-थांबत, मग थोडा वेळ हायवेसारखं, वेग जास्तीत जास्त ताशी ९० किलोमीटर, आणि एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, ऑगस्टचा पाऊस नाही, मागच्या सीटवर चार पाहुणे नाहीत. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उत्तम, कारण परीक्षा दोघींची एकच असते. पण तिथे बावीस मिळवणारी छोटी पेट्रोल गाडी आपल्याकडे घाट-बाजार मिळून पंधरा ते अठरा देत असेल, तर माझ्या मते ती ठणठणीत आहे.

टाकी ते टाकी

मोजायची एकच भरवशाची रीत आहे. टाकी फुल करा. पंपाचं नोझल आपणहून पहिल्यांदा बंद पडतं ना, तिथेच थांबायला सांगा. "दादा, राउंड फिगर करतो" म्हणून पोरगा पुन्हा दाबायला लागला तर नको म्हणा. एक तर त्याने मोजणीचा घोळ होतो, आणि दुसरं म्हणजे टाकीतली वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा गाडीला असतो, त्यात पेट्रोल शिरलं तर तो खराब होतो. मग ट्रिप मीटरचा 'ए' शून्यावर आणा आणि नेहमीसारखी गाडी वापरा. टाकी निम्म्याच्या खाली गेली की त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलला, पुन्हा पहिल्या कटऑफपर्यंत भरा. समजा ट्रिप मीटरवर ४१२.६ किलोमीटर आले आणि पावतीवर २४.३ लिटर. भागा. जवळपास १७. हे तुमचं ॲव्हरेज.

टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची ती का? कटऑफ दर वेळी तंतोतंत त्याच जागी होत नाही. अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. पाच लिटरच भरले असतील तर तो अर्धा लिटर म्हणजे दहा टक्क्यांची चूक झाली. पंचवीस लिटरवर तीच चूक दोन टक्क्यांवर येते. म्हणून एका टाकीवरही निकाल देऊ नका, ओळीने तीन टाक्या मोजा. पावत्यांची शाई डॅशबोर्डवरच्या उन्हात उडून जाते, तेव्हा आकडे वहीत उतरवून ठेवा: तारीख, ट्रिप मीटर, लिटर, आणि बाजूला दोन शब्द की टाकी कुठे खर्ची पडली. "घाट दोनदा", "पाऊस", "फक्त बाजार". हे दोन शब्दच पुढे सगळ्यात जास्त कामाला येतात.

डॅशबोर्डवरचा आकडा इंजिनात किती पेट्रोल सोडलं त्याच्या हिशेबावरून काढलेला असतो आणि बऱ्याच गाड्यांत तो टाकी ते टाकीपेक्षा थोडा जास्तच दाखवतो. तो निरुपयोगी नाही. कालच्यापेक्षा आज बरं चाललंय का, एवढं त्यावरून नीट कळतं. फक्त त्याला सतराचा पुरावा मानू नका.

एक हिशेब इथेच सांगतो, कारण यात शिकलेली माणसंही फसतात. घाट चढताना गाडीने १० दिलं, उतरताना २५ दिलं, तर दोन्हींचं मिळून साडेसतरा होत नाही. दहा किलोमीटर चढायला एक लिटर लागला, दहा किलोमीटर उतरायला चारशे मिली. वीस किलोमीटरला एक लिटर चारशे, म्हणजे १४.३. चढावर गेलेलं पेट्रोल उतारावर पूर्ण वसूल होत नाही. घाटातून रोज ये-जा करणाऱ्याचं ॲव्हरेज कमी येतं त्याचं अर्धं कारण या हिशेबात आहे.

पंपावर शंका आली तर

मनात ठेवून धुसफुसत बसू नका. प्रत्येक पंपावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंतची तफावत नियमात बसते. पहाटे थंड पेट्रोल भरलं की जास्त मिळतं, ही समजूत मात्र सोडून द्या. पेट्रोल एका अंशाला साधारण एक दशांश टक्का फुगतं हे खरं, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ-दुपारचा फरक फारसा पोचतच नाही.

पहिले हजार किलोमीटर

नव्या इंजिनाच्या पिस्टन रिंगा सिलिंडरला बसायच्या असतात. तोवर घर्षण जास्त, म्हणून ॲव्हरेज कमी. हे चालायचंच. या काळात गाडी एकाच वेगात तासन्‌तास चालवू नका आणि ॲक्सिलरेटर तळाशी दाबू नका. वेग बदलता ठेवा. नवी गाडी घेऊन पहिल्याच आठवड्यात पाच माणसं आणि सामान भरून घाट चढायचा असेल, तर थोडा धीर धरा, नाहीतर निदान सामान कमी करा. हजारनंतर पुढचे काही हजार किलोमीटर ॲव्हरेज हळूहळू सुधारत राहतं. म्हणून पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधीचे आकडे वहीत लिहा, पण त्यावरून भांडायला जाऊ नका.

ऑइलबद्दल एकच सांगतो: पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच टाका. हल्लीच्या छोट्या पेट्रोल इंजिनांना पातळ ऑइल लागतं. "आपल्याकडे गरमी आहे, जाड टाका" हा सल्ला जुन्या गाड्यांचा आहे. जाड ऑइल ढवळायलाच इंजिनाची ताकद जाते.

घाट: इथेच पेट्रोल जातं, इथेच वाचतं

आंबा घाट उतरून आलेल्या माणसाला मी विचारतो, उतरलात कसे? निम्मे तरी सांगतात, "न्यूट्रलवर सोडली, पेट्रोल वाचतं." वाचत नाही. हे नीट समजून घ्या, कारण यात पेट्रोलही आहे आणि जीवही आहे.

आताच्या सगळ्या पेट्रोल गाड्या इंजेक्शनच्या आहेत. गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की कंप्युटर बघतो, चाकंच इंजिनाला फिरवतायत, मग पेट्रोल कशाला? आणि इंजेक्टर बंद करतो. अगदी बंद. इंजिनाचे फेरे खाली, हजार-बाराशेच्या आसपास आले की पुन्हा थोडं पेट्रोल सोडतो, नाहीतर इंजिन बंद पडेल. न्यूट्रलवर मात्र चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला सतत पेट्रोल लागतं. म्हणजे घाटात न्यूट्रल टाकून तुम्ही फुकटचा उतार पेट्रोल जाळत उतरता, आणि वर सगळा भार ब्रेकवर टाकता. साखरप्यापर्यंत ब्रेक तापून वास यायला लागतो तो यामुळेच. इंजिन बंद करून उतरणं तर मनातही आणू नका. ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो आणि स्टिअरिंग जड होतं.

स्वतः बघायचं असेल तर डॅशबोर्डवर 'त्या क्षणाचं' ॲव्हरेज दाखवणारी पट्टी लावा. आंबा गाव सोडून पहिला उतार लागला की तिसऱ्या गिअरमध्ये पाय काढा. पट्टी एकदम शेवटच्या टोकाला जाऊन चिकटते. तिथे ती चिकटलेली आहे तोवर एक थेंब जळत नाहीये. वळणाच्या आधी ब्रेक दाबा, वळणात सोडा, गरज पडली तर दुसरा टाका. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, हे आमच्याकडचे जुने ड्रायव्हर सांगतात ते आजच्या गाडीलाही लागू आहे. एएमटी गाडी (क्लचचं पेडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी) असेल तर उतारावर मॅन्युअल मोडमध्ये घ्या. नाहीतर ती आपल्या मनाने वरचा गिअर टाकते आणि गाडी सुटते.

चढताना उलट चूक होते. डॅशबोर्डवरचा गिअर इंडिकेटर वरचा गिअर दाखवतो म्हणून चौथ्यात गाडी रडवत चढवायची आणि पाय खाली दाबत जायचं. इंजिन कण्हायला लागलं की कंप्युटर जास्तीचं पेट्रोल ओततो आणि इंजिनालाही त्रास होतो. चढ सुरू व्हायच्या आधीच एक गिअर खाली घ्या, पाय निम्म्याच्या आसपास एकसारखा ठेवा आणि वळण बघून वेग धरा. आरे-वारेच्या रस्त्यावर हे शिकायला फार चांगलं आहे. चढ छोटे आहेत पण खडे आहेत, आणि उतार संपला की पुढचा चढ समोर दिसतो. उताराचा वेग ब्रेकमध्ये न घालवता पुढच्या चढाला लावायचा, समोर मोकळं असेल तरच. डावीकडे समुद्र दिसतो म्हणून मध्येच करकचून ब्रेक मारणारे पर्यटक पुढे असतील तर ॲव्हरेज विसरा आणि अंतर ठेवा.

चढावर ट्रॅफिक थांबलं तर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका. हँडब्रेक ओढा. एएमटीवालेही ॲक्सिलरेटर देऊन गाडी चढावर लटकवून ठेवतात, त्याने पेट्रोल आणि क्लच दोन्ही जळतात.

हायवे

कशेडीला बोगदा झाला, चौपदरीचे टप्पे मोकळे झाले, तशी गाड्या शंभर-एकशेवीसने पळायला लागल्या आणि तक्रारीही वाढल्या. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात तर हवा दीडपटीहून जास्त जोराने अडवते. छोट्या पेट्रोल गाडीला वरच्या गिअरमध्ये ७०-८० सगळ्यात मानवतं. कॅरिअर तर कामाशिवाय टपावर ठेवूच नका. रिकामा कॅरिअरसुद्धा हवा अडवतो आणि त्यावर ताडपत्री फडफडत असेल तर विचारायलाच नको. आंब्याच्या पेट्या डिकीत आणि मागच्या सीटवर बसत असतील तर तिथेच न्या. वजनाने पडणारा फरक त्या मानाने कमी असतो, पन्नास किलोला एक-दोन टक्के. तो सपाटीवर जाणवतही नाही, घाटात जाणवतो.

एसीचं सरळ आहे. गावातून हळू जाताना काचा खाली, साठ-सत्तरच्या वर काचा बंद आणि एसी चालू. पावसाळ्यात काचेवर वाफ धरते तेव्हा एसी लावायचाच, तिथे काटकसर करायची नाही.

छोट्या फेऱ्या आणि उभी गाडी

देवरुखच्या एक शाळेच्या मॅडम आल्या होत्या. नवी हॅचबॅक, ॲव्हरेज अकरा. गाडीत काही सापडेना. मग वही ठेवायला सांगितली आणि वहीच बोलली: घर ते शाळा दोन किलोमीटर, दुपारी परत, संध्याकाळी बाजार. इंजिनाचं पाणी नव्वदच्या आसपास तापेपर्यंत गाडी जास्तीचं पेट्रोल मागते, आणि यांची गाडी तापायच्या आत मुक्कामाला पोचत होती. त्यांनी बाजार शाळेच्या वाटेवरच उरकायला सुरुवात केली आणि आकडा चौदाच्या पुढे गेला. तुमच्याही गाडीचं असंच असेल तर आधी फेऱ्या एकत्र करा. सकाळी उभ्या-उभ्या गाडी तापवत बसायची गरज नाही. चालू करा, सीटबेल्ट लावा, निघा, पहिले दोन-तीन किलोमीटर जोर देऊ नका.

जयगडला, दाभोळला, बागमांडल्याला फेरीबोटीची वाट बघताना इंजिन चालू ठेवून एसीत बसलेली माणसं दिसतात. उभी छोटी गाडी तासाला साधारण पाऊण लिटर पिते, एसी लावला तर लिटरभर किंवा त्याहून जास्त. त्या वेळात मीटर शून्य किलोमीटर धावतं. जेटीवर गाडी बंद करा, खाली उतरा.

टायर आणि ब्रेक, समुद्राकाठी जास्त

हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, दोन आकडे: कमी माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी. टायरच्या कडेवर असतो तो कमाल आकडा, तो भरू नका. हवा थंड टायरमध्ये बघायची, घाट उतरून आल्यावर नाही. पाच पीएसआय कमी असेल तर ॲव्हरेज एक-दीड टक्का पडतं. फार वाटत नाही, पण हे फुकट वाचणारं आहे, टायरही वाचतो. नायट्रोजनला पैसे घालू नका. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

ब्रेककडे मात्र आपल्याकडे खास लक्ष द्यावं लागतं. खाऱ्या हवेत, त्यात पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीचे कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारे भाग) गंजतात, हँडब्रेक चिकटतो, आणि ब्रेक पॅड डिस्कला किंचित घासत राहतो. गाडी चालते, आवाजही येत नाही, पण पेट्रोल जातं. तपासायची रीत सोपी आहे. दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून या, सावलीत थांबा आणि तळहात प्रत्येक चाकाच्या जवळ न्या. लावू नका, भाजेल. पुढची दोन्ही चाकं एकमेकींसारखी आणि मागची दोन्ही एकमेकींसारखी कोमट लागली पाहिजेत. एकच चाक धगधगत असेल तर ते अडकतंय. गाडी गावी ठेवून मुंबईला जाणाऱ्यांनी हँडब्रेक ओढून ठेवू नये. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये उभी करून चाकाला चिरा किंवा लाकूड लावावं.

एअर फिल्टरचं महत्त्व लोक जरा जास्त धरतात. लाल मातीने तो भरतो, वेळेवर बदला, पण इंजेक्शनच्या गाडीत घाणेरड्या फिल्टरने ताकद कमी होते, ॲव्हरेजवर तेवढा फरक पडत नाही.

इथेनॉल

आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. हिशेब केला तर निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के आणि आधीच्या दहा टक्केवाल्यापेक्षा साडेतीन टक्के कमी भरतं. वीस देणारी गाडी साडेएकोणीसच्याही किंचित खाली. नव्या गाड्या या पेट्रोलसाठीच बनवलेल्या आहेत, त्यामुळे बिघडण्याची भीती नको. पण शेजाऱ्याचं पाच वर्षांपूर्वीचं ॲव्हरेज आणि तुमचं आजचं यांची तुलना करताना हे लक्षात ठेवा. इथेनॉल पाणी ओढतं आणि आपली हवा दमट, म्हणून महिनोन्‌महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ रिकामी ठेवू नका. महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल तुमच्या गाडीच्या पुस्तकात मागितलं नसेल तर त्याने ॲव्हरेज वाढत नाही.

तरीही कमी असेल तर

हजार किलोमीटर झाले, तीन टाक्या मोजल्या, टायर-ब्रेक बघून झाले, आणि त्याच मॉडेलची त्याच रस्त्यावरची दुसरी गाडी तुमच्यापेक्षा पंचवीस-तीस टक्के जास्त देते. आता तक्रार करा, आणि ती वही सोबत न्या. व्हील अलाइनमेंट बघायला सांगा, खड्ड्यांनी ते बिघडतं. स्कॅनर लावून कंप्युटरने नोंदवलेले बिघाडाचे जुने कोड वाचायला सांगा, दिवा लागला नसला तरी. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं पाणी तापेपर्यंत रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकलाय का ते विचारा. तसं असेल तर इंजिन पुरतं तापतच नाही आणि कायम जास्त पेट्रोल मागतं. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचे आकडे दाखवायला सांगा. जॉब कार्डवर नुसतं "ॲव्हरेज कमी" लिहू देऊ नका. "टाकी ते टाकी तीन वेळा मोजलं" असं लिहून त्यापुढे किलोमीटर आणि लिटर घालून घ्या, आणि कार्डाची एक प्रत घरी आणा. वॉरंटीत प्रश्न पुढे गेला तर तोच कागद बघतात.